खिशातला कॅमेरा

दिवाळीला पाऊस उघडतो आणि मुंबईचे चाकरमानी रत्नागिरीत उतरतात. प्रत्येकाच्या खिशात फोन, आणि फोनात चलच्चित्राचा कॅमेरा. भाट्याची पुळण, थिबा राजवाडा, मांडवीचा धक्का, सारे काही टिपले जाते. मौज अशी, की परत गेल्यावर ती चित्रे घरची माणसेसुद्धा दुसऱ्यांदा पाहत नाहीत. दोष कॅमेऱ्याचा नव्हे, वाचकहो. कॅमेरा घेतला की आपण बघायचेच थांबतो.

या कलेचा आमच्या जिल्ह्याशी जुना संबंध आहे. दापोली तालुक्यातल्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजचे सीनियर रँग्लर झाले. १९०१ च्या डिसेंबरात ते मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचे चित्रण केले सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी. त्या सुमारास ल्यूमिए बंधूंच्या चित्रपट्टीची लांबी असे सुमारे १७ मीटर, म्हणजे पन्नासेक सेकंदांचा खेळ. एवढ्यात सांगायचे ते सांगावे लागे. त्यामुळे आधी जागा हेरायची आणि मग हात हलवायचा, ही शिस्त आपोआप लागे. आपल्याकडे पट्टी संपतच नाही, म्हणून शिस्तही लागत नाही!

स्वस्त कॅमेऱ्याची नवलाई या शतकाच्या पहिल्या दशकातली. ‘फ्लिप’ नावाचा साबणाच्या वडीएवढा कॅमेरा निघाला. त्याला कळा जेमतेम, जवळचे धूसर दिसे, आणि वेगळा मायक्रोफोन जोडायची सोय नव्हती. २०११ मध्ये तो बंद झाला. फोनने त्याची जागा घेतली. पण त्याने एक धडा दिला: साधने कमी असली की माणूस पायांनी काम करतो. चित्र जवळ आणायचे तर आपणच जवळ जावे. फोनवरचे बोटाने मोठे करणे हा आळशी उपाय, त्याने चित्राचा पार चिखल होतो. गोव्यातल्या ‘व्हिडिओ व्हॉलंटिअर्स’ या संस्थेने २०१० मध्ये ‘इंडिया अनहर्ड’ सुरू केले. खेड्यापाड्यांतली माणसे हाताएवढ्या कॅमेऱ्याने आपल्याच गावचे प्रश्न टिपू लागली. त्यांना माणूस ओळखीचा होता, आणि त्यापुढे महागड्या भिंगाचा काय पाड!

गेल्या हिवाळ्यात माझा पुतण्या राजापूरकडच्या एका सड्यावर कातळशिल्पे टिपायला निघाला. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांबीचा आहे, आणि त्याच्या पोटात लहान प्राण्यांची गर्दी आहे, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण तसल्या मोठ्या चित्रांखेरीज सड्यासड्यांवर लहान आकृत्याही आहेत. कोकणातली ही शिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या प्राथमिक यादीत गेली. उक्शीत तर हत्तीच्या शिल्पाभोवती गोल कठडा उभा आहे. सगळ्याच सड्यांचे नशीब तसे नाही. जांभ्याच्या खाणी पुढे सरकत असतात.

पुतण्या दुपारी बाराला पोहोचला आणि हिरमुसून आला. “काका, काही दिसतच नाही. नुसता तांबडा दगड!”

दिसेल कसे? कातळात कोरलेली रेघ ही खाच असते, आणि डोक्यावरच्या उन्हात खाचेला सावली नसते. त्याला म्हटले, उद्या सूर्य उगवताना जा, आडव्या उन्हाच्या समोरच्या अंगाला उभा राहा. फोन आडवा धर, कोपरे बरगड्यांना टेकव, मनात दहा आकडे मोज आणि तोवर हात हलवू नकोस. आधी सारा सडा, मग आकृती, मग एकच खाच, आणि तिच्याजवळ तुझा पंजा, म्हणजे माप कळेल. खारे वारे भिंगावर पुटे चढवतात. सदऱ्याच्या कडेने पुसून घे. (हे शेवटचे कुणीच करत नाही.)

दुसऱ्या दिवशी तो आणखी काही घेऊन आला. ज्यांच्या जमिनीत ती आकृती आहे ते म्हातारबुवा भेटले होते. वाऱ्याने पहिले बोलणे पार खाऊन टाकले. फोनात नुसता घोंघाट. मग पोराने शहाणपण केले. बुवांना गडग्याच्या आडोशाला बसवले, फोन त्यांच्या छातीपासून हातभर अंतरावर धरला आणि प्रश्न एकच विचारला: इथे खाण का नाही झाली?

बुवा बराच वेळ गप्प राहिले. हाताने गवत उपटत होते. मग म्हणाले, “आमच्या बाबानं हितं कधी पहार घातली नाय. का ते सांगितलं नाय, पन घातली नाय.” आणि जरा थांबून, “आता पोरं मुंबईला. ती इकतील.”

पुतण्याला ते गप्प राहणे कापून टाकायचे होते. चांगली बारा सेकंदे, त्याच्या मते वाया गेलेली. मी ते कापू दिले नाही. तीन मिनिटांचे ते चित्र त्याने मुंबईतल्या त्या मुलांना पाठवले आहे. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही. बुवा मात्र दर आठवड्याला पुतण्याला फोन करून विचारतात.