सावलीतले तापमान आणि उन्हातला मजूर

वेधशाळा येत्या आठवड्याचा अंदाज प्रसिद्ध करते तेव्हा त्यातील आकडा सावलीतला असतो, ही साधी गोष्ट फारशी कोणी ध्यानात घेत नाही. तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, हवा खेळती राहील अशा पांढऱ्या झडपांच्या पेटीत ठेवलेला असतो. सीबीडी बेलापुरात अशी सावली कोकण भवनात आणि सिडको भवनात बसणाऱ्यांच्या वाट्याला येते. पारसिक डोंगराच्या पायथ्याशी स्लॅब भरणाऱ्यांच्या नव्हे.

शिवाय किनाऱ्यावरचा उन्हाळा केवळ पाऱ्याने मोजता येत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पूर्वेकडील वारे जोर धरले, समुद्रावरचा वारा उशिरा आला, की पारा चढतो. मे महिन्यात तो थोडा उतरतो, पण हवा इतकी दमट होते की घाम वाळत नाही; आणि घाम वाळला नाही तर शरीर निवत नाही. किनारी भागात कमाल तापमान किमान 37 अंश आणि सरासरीहून निदान साडेचार अंशांनी अधिक असेल, तरच उष्णतेची लाट मानण्याचा निकष आहे. या निकषात न बसणारी दमट दुपार कागदोपत्री सामान्य ठरते.

बेलापूरशेजारच्या खारघरने याची किंमत मोजली आहे. 16 एप्रिल 2023 रोजी महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या शासकीय सोहळ्यात लाखोंचा समुदाय तासन्तास उघड्या मैदानात बसला होता; छत होते ते व्यासपीठाला. उष्माघाताने 14 माणसे दगावली. त्यानंतर उन्हाळ्यात दुपारी 12 ते 5 या वेळेत उघड्यावरील कार्यक्रमांना परवानगी न देण्याचे शासनाने जाहीर केले. ते योग्यच होते. परंतु श्रोत्याला जे ऊन घातक, ते घमेले वाहणाऱ्या बाईला सोसवते, असे कोणते शास्त्र सांगते?

अंदाज कळण्याचा उपयोग ज्याला घरी बसणे परवडते त्यालाच. रोजंदारीवरच्या माणसाची दुपार बुडाली की मजुरी बुडते. 1948 च्या कारखाना कायद्याने कामाच्या खोलीतील तापमानाचा विचार केला होता. जिथे खोलीच नाही तिथले काय, हा प्रश्न तेव्हाही सुटला नाही. ‘सेवा’ या स्त्री-कामगारांच्या संघटनेने मात्र ठरावीक तापमान ओलांडताच सभासदांच्या हाती रोख रक्कम देणारी विमा योजना राबवून दाखवली आहे.

जे एक संघटना करू शकते ते शासनाला अशक्य नाही. बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर घेतला जातो, तो कामगारांच्या कल्याणासाठीच. इशाऱ्याच्या दिवशी बुडालेल्या दुपारची मजुरी त्यातून द्यावी. कामे खोळंबतील, असे ठेकेदार म्हणतील. पहाटे काम सुरू केले तर आवाजाची तक्रार सोसायट्या करतील. दोन्ही अडचणी सोडवण्याजोग्या आहेत. खरी अडचण नोंदणीची आहे. सकाळी नाक्यावर उभ्या असणाऱ्यांपैकी अनेकांची नावे मंडळाच्या दप्तरी नाहीत. ती नोंदवण्यासाठी पहिला कारकून नाक्यावर, आणि तोही सकाळी सातच्या आत, पाठवावा लागेल.