मुलाला वाचवा, पण पुराव्यानिशी



निरोगी मुलाला आजारी भासवायचे, प्रसंगी आजारी पाडायचे आणि डॉक्टरांकडून त्याच्यावर नको ते उपचार करवून घ्यायचे, हाही बालछळच. १९७७ साली ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ रॉय मेडो यांनी तो उजेडात आणला. छळणारी व्यक्ती बहुतेकदा आई असते, हे आपणही नाकारून चालणार नाही.

पण याच मेडोंनी १९९९ मध्ये सॅली क्लार्क खटल्यात साक्ष दिली, की अशा घरात दोन बाळे अचानक आपोआप दगावण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक. हे गणितच चुकीचे होते. दोन मुले गमावलेली आई खुनी ठरली. २००३ मध्ये शिक्षा रद्द झाली. २००७ मध्ये ती वारली.

म्हणून डॉक्टर, परिचारिका, समाजकार्यकर्त्या यांना प्रशिक्षण हवे ते आईचा स्वभाव जोखण्याचे नव्हे, पुरावा तपासण्याचे. सगळ्या दवाखान्यांचे कागद एकत्र वाचावेत. सांगितलेली लक्षणे आणखी कुणी पाहिली का, ते विचारावे. निर्णय एकट्याने घेऊ नये. आणि सुई डॉक्टरच्याच हाती असते. ती टोचण्याआधी 'ही खरेच हवी का?' हे त्यांनी स्वतःला विचारावे.

मूल वाचले पाहिजे आणि काळजीने दारोदार फिरणारी आई आरोपी ठरता कामा नये. आपला आग्रह दोन्हींसाठी हवा.