सर्दीला अँटिबायोटिक कशाला?

पालकहो, चाचणी परीक्षा जवळ आली की वर्गात निम्मी मुलं शिंकत असतात. मग आपण डॉक्टरांना काय म्हणतो? "जरा स्ट्राँग औषध द्या, सोमवारी पेपर आहे." तेही कधी कधी लिहून देतात, नाही दिलं तर आपण दुसरा दवाखाना गाठतो ना! (यात आम्हा शिक्षकांचाही हात आहे. हजेरीचा तगादा आम्हीच लावतो.)

पण साधी सर्दी होते विषाणूंमुळे, आणि अँटिबायोटिक मारतं जिवाणूंना. विषाणूंवर ते चालतच नाही. सर्दी आपल्या वेळेनेच बरी होते, श्रेय मात्र औषधाला! उलट पोटातले उपयोगी जिवाणू मरतात, जुलाब लागतात, आणि औषधाला दाद न देणारे चिवट जिवाणू तेवढे उरतात, वाढतात. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल भाषणातच हा धोका सांगितला होता.

टायफॉइड किंवा जिवाणूंमुळे झालेला न्यूमोनिया असेल तर हेच औषध जीव वाचवतं. तिथे टाळाटाळ नको. डॉक्टर सांगतील तितके दिवस द्यायचंच. पण धाकट्याची उरलेली बाटली थोरल्याला पाजू नका. पाकिटावर उभी लाल रेघ असलेलं औषध चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून आणू नका. आणि डॉक्टरांना विचारा, "याची खरंच गरज आहे का?" ते "नको" म्हणाले तर मुलाला दोन दिवस घरी झोपू द्या. बुडालेला अभ्यास मी करून घेईन.