पसंतीक्रमाची यादी आणि घराची झोप

२०२५ च्या जुलै महिन्यातील गोष्ट. शिवारात सोयाबीनची डवरणी सुरू होती आणि मंगरुळपीर तालुक्यातील एक माउली आपल्या लेकीला घेऊन माझ्या दवाखान्यात आली होती. मुलगी नुकतीच बारावी झालेली. आठ दिवसांपासून तिचे डोके दुखत होते, जेवणावरची वासना उडाली होती आणि रात्री दोन-अडीचपर्यंत डोळ्याला डोळा लागत नव्हता. रक्तदाब, रक्त, दृष्टी, सारे तपासून पाहिले. आजार म्हणावा असे काही सापडले नाही. अखेर मी विचारले, ‘घरात सध्या काय चालले आहे?’ आई म्हणाली, ‘काही नाही डॉक्टरसाहेब, तो कालेजचा फारम भरणं चालू हाय.’

तो ‘फारम’ म्हणजे अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतील, आपण ज्याला ‘कॅप’ म्हणतो त्यातील, पसंतीक्रमाचा अर्ज. वडिलांचे म्हणणे असे, की हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. अमरावती किंवा शेगाव पहिल्या क्रमांकावर टाकावे आणि मोकळे व्हावे. पुण्यात नोकरीला असलेल्या मामांचे म्हणणे याच्या अगदी उलट. पुण्यातील महाविद्यालयांखेरीज एकही नाव लिहू नये, खालची नावे लिहिली की मन आधीच हार मानते. मुलीला काय हवे, हे दोघांनीही विचारले होते. पण तिने उत्तर देण्याआधी आपापले उत्तर सांगूनही टाकले होते.

या दोघांपैकी कोणालाही हसण्याचे कारण नाही. आपला वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला आणि २०१८ मध्ये केंद्र शासनाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत त्याचे नाव आले. येथील अनेक मुलांना व्यावसायिक शिक्षणासाठी घर सोडावे लागते. मुलगी पुण्याला गेली तर खोलीभाडे, खानावळ आणि येण्याजाण्याचा खर्च बापाच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. तिच्या गुणांना न्याय मिळाला नाही तर, ही धास्ती मामांना असते. दोघांच्याही बोलण्यात मायाच असते. मात्र त्या दोन मायांच्या ओढाताणीत मुलीची झोप जाते.

मी त्या मुलीला गोळ्या लिहून दिल्या नाहीत. तिच्या वडिलांना बोलावून घेतले आणि आम्ही चौघे मिळून प्रवेशाची माहिती पुस्तिका वाचायला बसलो. कारण महत्त्वाकांक्षा बाळगावी की वास्तव पाहावे, हा वाद पुष्कळदा नियम ठाऊक नसल्यामुळेच वाढतो.

नियमाचा गाभा सोपा आहे. जागावाटप करताना संगणक विद्यार्थ्यांना गुणवत्ता क्रमांकाने घेतो. एकेकाची यादी वरून खाली वाचत जातो आणि त्याला मिळू शकणारी पहिली जागा देतो. म्हणजेच वरच्या क्रमांकावर अवघड महाविद्यालय लिहिले आणि ते मिळाले नाही, तर खालच्या महाविद्यालयावरील आपला हक्क तसूभरही कमी होत नाही. ‘पुणे वर लिहिले तर अमरावतीही हातची जाईल’ ही वडिलांची भीती निराधार होती. तसेच ‘अमरावती लिहिली तर पुणे मिळणार नाही’ ही मामांची समजूतही चुकीची होती. अमरावती पुण्याच्या खाली लिहिली असेल, तर तिचा विचार पुण्याची जागा मिळत नाही हे ठरल्यावरच होतो.

मग धोका कोठे आहे? तो पहिल्या क्रमांकावर आहे. २०२५-२६ च्या अभियांत्रिकी प्रवेशात चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत यादीतील पहिलीच पसंती मिळाली, तर तो प्रवेश आपोआप निश्चित होत असे. यालाच ‘ऑटो फ्रीझ’ म्हणतात. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींना आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींना हाच नियम लागू होता. अशी जागा नाकारली, तर पुढील फेऱ्यांचे दार बंद होते. त्याच वर्षी अकरावीचे प्रवेश प्रथमच राज्यभर ऑनलाइन झाले. तेथेही दहापर्यंत पसंती देता येत होत्या आणि पहिली पसंती मिळाल्यास प्रवेश घेणे बंधनकारक होते. नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून आपण अर्ज भराल त्या वर्षीची पुस्तिकाच प्रमाण मानावी.

आता वडिलांचा सल्ला पुन्हा पाहा. भीतीपोटी ‘हमखास’ महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर लिहिले असते, तर पहिल्याच फेरीत ते मिळून मुलगी तेथे बांधली गेली असती. तिच्या गुणांवर त्याहून चांगली जागा मिळत असती, तरी ती पाहताही आली नसती. मामांच्या सल्ल्याने केवळ पुण्याची चार नावे लिहिली असती आणि त्यांतले एकही मिळाले नसते, तर फेरीमागून फेरी रिकामी गेली असती. सुरक्षित वाटणारा पहिला मार्ग मुलीचे पंख कापणारा होता आणि धाडसी वाटणारा दुसरा मार्ग तिच्या पायाखालची जमीन काढून घेणारा.

हा पेच आपल्या एकट्याचा नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांतही शरद ऋतूत हीच चर्चा रंगते. तेथील अनेक विद्यापीठांत ‘अर्ली डिसिजन’ नावाची सोय असते. साधारणतः १ नोव्हेंबरच्या सुमारास एकाच विद्यापीठाकडे असा अर्ज करायचा आणि निवड झाल्यास तेथेच जाण्यास बांधील राहायचे. ती एकुलती एक संधी स्वप्नातल्या विद्यापीठासाठी वापरावी की आवाक्यातल्या, हा प्रश्न तेथे खरोखरच कठीण आहे. आपल्याकडे मात्र एका नावाऐवजी पूर्ण यादी देता येते. म्हणून परदेशातील नातेवाइकांचा किंवा मोबाइलवर ऐकलेला सल्ला जसाच्या तसा उचलू नये.

यावरून निघणारे सूत्र एवढेच, की यादीचा क्रम इच्छेने लावावा आणि यादीची लांबी वास्तवाने ठरवावी. त्यासाठी पुढील गोष्टी कागदावर उतरवा.

पहिली गोष्ट, प्रत्येक नावासमोर शाखाही लिहा. अर्जातील प्रत्येक ‘चॉइस कोड’ हा महाविद्यालय आणि शाखा मिळून बनतो. पुण्याच्या नामांकित महाविद्यालयातील नावडती शाखा हवी की शेगावातील आवडती, याचा निर्णय घरात आधीच व्हायला हवा. तो अर्ज भरताना पडद्यासमोर बसून करू नये.

दुसरी गोष्ट, मागील वर्षाचे कटऑफ पाहताना आपलीच ओळ पाहा. प्रवर्गानुसार आकडे बदलतात. गृहविद्यापीठ, इतर विद्यापीठ आणि राज्यस्तर अशा जागांचे आकडेही वेगवेगळे असतात. बारावी आपल्या जिल्ह्यात झालेल्या विद्यार्थ्याचे गृहविद्यापीठ साधारणतः संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ असते. शेजारच्या मुलाला कोठे प्रवेश मिळाला, यावरून आपला अंदाज बांधणे म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्यातून वाचणे होय.

तिसरी गोष्ट, यादीचे तीन भाग करा. मागील कटऑफ आपल्या गुणांहून वर असलेली नावे, जवळपास असलेली नावे आणि बरीच खाली असलेली नावे. तिन्ही भागांत काही नावे हवीतच. मात्र जेथे जायचेच नाही असे नाव कोणत्याही भागात लिहू नका, कारण लिहिलेले मिळू शकते.

चौथी गोष्ट, खर्चाचा हिशेब अंदाजाने करू नका. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा लागतो, संस्थास्तरावरील कोट्यातून नव्हे. त्या वडिलांना हे ठाऊक नव्हते. ‘पुणे परवडत नाही’ या त्यांच्या वाक्यातील निम्मे ओझे या एका माहितीने उतरले. उरला तो राहण्याजेवण्याचा खर्च. जात प्रमाणपत्र, वैधता आणि नॉन-क्रिमीलेअरचे कागद मात्र निकालाची वाट न पाहता आधीच जमवून ठेवावेत.

आता थोडे घराच्या प्रकृतीविषयी. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रात्री आठ ते दहा तास झोप लागते, असे निद्रातज्ज्ञ सांगतात. प्रवेशाच्या दिवसांत ही झोप सर्वांत आधी कापली जाते आणि मग डोकेदुखी, आम्लपित्त, चिडचिड मागोमाग येतात. म्हणून प्रवेशाच्या चर्चेला दिवसातील एक ठरावीक वेळ द्या. जेवणाचे ताट आणि अंथरूण यांपासून ती दूर ठेवा. सल्ला देणाऱ्या नातेवाइकांना मुलांशी थेट बोलू न देता त्यांचे म्हणणे आधी आपण ऐकून घ्या. ‘आमच्यासाठी तू एवढेही करू शकत नाहीस का?’ हे वाक्य या दिवसांत उच्चारू नका. मुलाला ते वर्षानुवर्षे आठवते.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक हरपली, मूल एकलकोंडे झाले किंवा ‘आता काही उरले नाही’ असे बोलू लागले, तर तो नाटकीपणा समजू नका. डॉक्टरांना भेटा. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे. मात्र स्वतःला इजा करण्याचे बोलणे कानावर आले, तर दोन आठवडेही थांबू नका. त्याच दिवशी मदत घ्या आणि मुलाला एकटे सोडू नका.

त्या मुलीने दवाखान्यातल्या बाकावर बसूनच यादी लिहिली. वर पुण्यातील तिची आवडती शाखा, मधे इतर शहरांतील काही नावे, शेवटी अमरावती, शेगाव आणि अकोला. पहिली नावे तिने एकटीने लिहिली. शेवटची तिने आणि वडिलांनी मिळून लिहिली. अर्ज भरल्यावर दोन दिवसांनी आईचा फोन आला, की पोरगी आता झोपते आणि दोन भाकरी खाते. फेरीचा निकाल अजून लागायचा होता.

पुढे तिला मिळाली ती यादीतील नवव्या क्रमांकाची जागा. पुणे मिळाले नाही, याचे तिला वाईट वाटले आणि ते वाटणे स्वाभाविकच होते. पण आपल्याला विचारले गेले नाही, असे तिला वाटले नाही. वसतिगृहात तिची पेटी पोचवायला वडील आणि मामा दोघेही गेले होते.

वाचकहो, आपल्या घरी अशी यादी लिहिण्याची वेळ येईल, तेव्हा वही आणि पेन आधी मुलाच्या हाती द्या. त्याचे लिहून होईपर्यंत आपण बोलू नका. नंतर यादीच्या शेवटापासून वर वाचत या आणि प्रत्येक नावाला एकच प्रश्न विचारा, ‘हे मिळाले तर तू आनंदाने जाशील का?’ उत्तर ‘नाही’ असेल, तर ते नाव खोडा. आणि रात्री दहा वाजले, की वही मिटवून सर्वांनी झोपायला जा.