नायकाला संवाद कोण देणार?



'माझा आवडता अभिनेता' हा निबंध वर्गात दिला की मुलांच्या वह्यांत हमखास एक वाक्य सापडतं : 'त्याची बॉडी जबरदस्त आहे, तो रोज व्यायाम करतो, म्हणून तो मोठा झाला.' आपणही खाली 'कष्टाला पर्याय नाही' असं लिहून सही करतो. त्यात चूक काही नाही, पण ही गोष्ट अर्धीच आहे. शरीराच्या जोरावर पडद्यावर आलेल्यांची खरी परीक्षा अनेकदा शरीराची नसते, बोलण्याची असते. दोन उदाहरणं बघा.

आपले मास्टर विठ्ठल

मास्टर विठ्ठल (१९०६–१९६९) आजच्या अर्थाने बॉडीबिल्डर नव्हते, पण त्यांचंही भांडवल कमावलेलं शरीरच होतं. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत ते आधी संकलनाचं काम करत. पुढे मुंबईला शारदा स्टुडिओत मूकपटांचे नायक झाले. तलवारबाजी, उड्या, मारामारी यांवर प्रेक्षक फिदा होते. त्यांना 'भारताचा डग्लस फेअरबँक्स' म्हणत.

मग पडदा बोलू लागला. आर्देशीर इराणी यांचा 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात झळकला. नायक होते मास्टर विठ्ठल. शारदाचा करार मोडून ते इकडे आले म्हणून खटला झाला आणि त्यांची बाजू बॅरिस्टर जिनांनी मांडली. एवढी त्यांची किंमत होती! पण त्यांचे हिंदी-उर्दू उच्चार जमत नव्हते. मग उपाय काय काढला? चित्रपटाचा इतिहास सांगणारे लिहितात की बराच वेळ नायक अर्धवट शुद्धीत राहील अशी भूमिका त्यांना दिली गेली. देशाचा पहिला बोलपट, आणि त्याचा नायक जवळजवळ मुका! पुढेही ते चित्रपटांत काम करत राहिले, पण मूकपटातलं ते स्थान परत आलं नाही.

परदेशातला अर्नोल्ड

अर्नोल्ड श्वार्झनेगर १९४७ साली ऑस्ट्रियातल्या थाल या खेड्यात जन्मला. विसाव्या वर्षी तो 'मिस्टर युनिव्हर्स' झाला आणि पुढे 'मिस्टर ऑलिम्पिया' किताब त्याने सात वेळा जिंकला. १९६८ मध्ये अमेरिकेत गेला तेव्हा इंग्रजी मोडकंतोडकं होतं. १९७० च्या 'हर्क्युलिस इन न्यूयॉर्क' या त्याच्या पहिल्या चित्रपटात शरीर त्याचं आणि आवाज दुसऱ्याचा. १९७३ च्या 'द लाँग गुडबाय'मध्ये तर त्याला मूकबधिर गुंडाची छोटी भूमिका मिळाली. म्हणजे विठ्ठलांच्या बाबतीत झालं तेच!

पण त्याला दोन गोष्टी मिळाल्या : शिकायला वेळ आणि बोलायची संधी. सांता मोनिका कॉलेजात तो इंग्रजीच्या वर्गाला बसला, उच्चारांचे धडे घेतले. १९७९ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाची पदवीही घेतली. उच्चारातला गावाकडचा हेल मात्र पूर्ण गेला नाही. १९८४ च्या 'टर्मिनेटर'मध्ये त्याला मोजकेच संवाद होते, पण यंत्रमानवाच्या तोंडी तोच कडक हेल इतका शोभला की लोक आजही त्याची नक्कल करतात. २००३ ते २०११ तो कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर होता आणि त्याच हेलात भाषणं करायचा.

आता आपल्या शाळेकडे या

आमच्या धानोरा परिसरात, किंबहुना सगळ्या नंदुरबार जिल्ह्यात, मुलं घरी भिलोरी, मावची, पावरी, अहिराणी बोलतात. खेळात, झाडावर चढण्यात, पाण्यात पोहण्यात ही मुलं तरबेज असतात. पण स्नेहसंमेलनाचं नाटक बसवताना अनेक शाळांत काय होतं? धष्टपुष्ट पोराला मावळा करून हातात भाला देतात आणि मागे उभं करतात. संवाद ज्याची प्रमाण मराठी सफाईदार त्याला. दरवर्षी त्याच दोन-तीन मुलांना! आपणही 'आलम आरा'च करतोय की नाही, सांगा बरं.

'पाहुण्यांसमोर पोरगा अडखळला तर?' असं काही जण विचारतील. अडखळू द्या की! तोंड उघडल्याशिवाय जीभ वळत नाही. प्रमाण मराठी शिकवायची नाही असं मी म्हणत नाही. ती शिकवायलाच हवी, पुढे अर्ज, परीक्षा, मुलाखत सगळं तिच्यातच आहे. पण ती येण्याची वाट घरच्या भाषेवरूनच जाते. शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण द्यावं, असं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही म्हटलंय.

एवढं तर आपण लगेच करू शकतो :

१. नाटकातल्या प्रत्येक पात्राला निदान दोन वाक्यं द्या. मावळासुद्धा बोलू दे.

२. परिपाठात आठवड्यातून एक दिवस घरच्या भाषेतली गोष्ट घ्या. तीच गोष्ट मुलांनी मिळून मराठीत सांगावी.

३. उच्चार चुकला तर वाक्य मध्येच तोडू नका. बोलून होऊ द्या, मग तोच शब्द आपल्या बोलण्यात बरोबर वापरा. आणि वर्गात कुणी हसलं तर तिथेच थांबवा.

पालकहो, 'शाळेत आपली बोली बोलू नको' असं पोराला सांगू नका. ती बोली म्हणजे त्याची ताकदच आहे.

व्यायामाने दंड भरतात, तशी सरावाने जीभही तयार होते. पण आखाडाच बंद ठेवला तर मल्ल घडणार कसा? यंदा नाटक बसवाल तेव्हा भाला धरून मागे उभ्या असलेल्या त्या मुलाकडे एकदा बघा, आणि त्याला दोन वाक्यं द्या.