पृष्ठभागाखालचे तेल

२० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलविहीर खणणाऱ्या फलाटावर स्फोट होऊन ११ कामगार मृत्युमुखी पडले आणि पुढे ८७ दिवस तेल वाहत राहिले. तेल पृष्ठभागावरच आहे, पाण्याखाली त्याचे लोट नाहीत, असे बीपी कंपनीचे तत्कालीन प्रमुख टोनी हेवर्ड मेअखेरीस छातीठोकपणे सांगत होते. जूनमध्ये वुड्स होल संस्थेच्या ‘सेन्ट्री’ या मानवरहित पाणयानाने सुमारे ११०० मीटर खोलीवर ३५ किलोमीटरहून लांब लोट मोजला. विमानातून तो कधीच दिसला नसता.

तथापि यंत्र पाण्यात सोडले की सत्य वर येते, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. यांतील अनेक संवेदक अतिनील प्रकाश टाकून तेलाची चमक टिपतात. पण पाण्यात विरघळलेली सेंद्रिय द्रव्येही चमकतात, आणि गढूळ पाण्यात तेलाची चमक गिळली जाते. म्हणूनच न्यू जर्सीतील ‘ओमसेट’ येथे सुमारे २०० मीटर लांबीच्या खाऱ्या पाण्याच्या हौदात कृत्रिम लाटा उठवून, खरे तेल सोडून उपकरणे पारखली जातात.

आपल्याकडे अडचण निराळीच आहे. मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया-३’ यांची टक्कर झाली ती ७ ऑगस्ट २०१० रोजी. ‘रॅक कॅरियर’ बुडाले ऑगस्ट २०११ मध्ये. कोचीनजीक ‘एमएससी एल्सा-३’ बुडाले २५ मे २०२५ रोजी, केरळात मोसमी पाऊस दाखल झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी. ढगांमुळे उपग्रहाचा कॅमेरा आंधळा होतो. रडार ढगांपार पाहते खरे, परंतु खवळलेल्या समुद्रात तेल पाण्यात घुसळले जाऊन त्याचा मागच पुसला जातो. पाण्याखालच्या उपकरणाची गरज तेव्हाच सर्वाधिक, आणि नद्या-खाड्यांचे पाणी सर्वांत गढूळही तेव्हाच!

तेव्हा परदेशी प्रमाणपत्र पाहून संवेदक विकत घेणे पुरेसे नाही. ऑगस्टमधील ठाणे खाडीचे पाणी हौदात भरून त्यात त्यांची परीक्षा व्हावी. अपघातापूर्वीच्या पाण्याच्या नोंदीही वर्षभर ठेवाव्या लागतील. त्यांच्यावाचून नुकसानभरपाई मागणाऱ्या कोळ्याने पुरावा आणायचा कोठून? तेलगळतीच्या निवारणाचे सूत्रचालन तटरक्षक दलाकडे आहे. या चाचण्यांचा खर्च मात्र बंदरांनी आणि तेल कंपन्यांनी उचलावा, कारण त्या पाण्यावर नफा त्या मिळवतात.