संध्याकाळी जिम, मग सकाळी काय खायचं?

संध्याकाळी सात वाजता जिमला जात असाल, तर सकाळचा नाश्ता एकदा मोजून बघा. एका माणसाच्या भरपेट पोह्यांना साठ ग्रॅम तरी कोरडे पोहे लागतात. त्यात साधारण ४५ ग्रॅम कार्ब्ज. बटाट्याच्या फोडींचे पाच-सात ग्रॅम, दोन चमचे साखरेच्या चहाचे दहा. म्हणजे सकाळी नऊच्या आत साठ ग्रॅम कार्ब्ज पोटात गेले, आणि प्रोटीन मिळालं जेमतेम पाच-सहा ग्रॅम. ट्रेनरने दिवसाला १५० ग्रॅम कार्ब्ज सांगितले असतील, तर त्यातले ४० टक्के तुम्ही खुर्चीत बसून काम करण्यासाठी खर्च केलेत. मग रात्री जिमवरून आल्यावर, शरीराला खरी गरज असताना, भाताच्या पातेल्याकडे अपराधी नजरेने बघत बसायचं.

दोष एकट्या पोह्यांचा नाही. इंदूरकरांच्या पोह्यांशेजारी जिलेबी असते, बडोद्यात फाफड्याशेजारी असते. बेंगळुरूत इडली, दिल्लीत आलू पराठा, म्हणजे गव्हाच्या पोटात बटाटा! आपण ज्या गावात राहिलो तिथला नाश्ता आपलासा केला, पण बशीत बहुतेक सगळीकडे स्टार्चच.

आता कार्ब्ज व्यायामानंतर का ठेवायचे, ते बघू. आपण खाल्लेली साखर आणि स्टार्च शरीर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं. स्नायूंमध्ये साधारण ४०० ग्रॅम, यकृतात १००च्या आसपास. रात्रीच्या झोपेत यकृतातला साठा बराच उतरतो, स्नायूंमधला मात्र जवळजवळ तसाच राहतो. म्हणजे आज संध्याकाळचा तुमचा व्यायाम मुख्यतः काल रात्रीच्या वरणभातावर चालतो. सकाळी पोहे खाल्ले नाहीत म्हणून डंबेल हातातून गळून पडत नाही. व्यायाम झाल्यावर स्नायू रक्तातली साखर एरवीपेक्षा सहज आत ओढून घेतात. भात खायला ही चांगली वेळ.

पण यात जादू नाही, हेही सांगून टाकते. वजन कमी होतं ते दिवसभराच्या एकूण खाण्यावर. सकाळचे पोहे टाळले आणि रात्री भाताचा डोंगर केला, तर वजनाचा काटा हलणार नाही. या पद्धतीचा खरा फायदा साधा आहे. कार्ब्ज मोजकेच खायचे असतील, तर ते भूक आणि गरज दोन्ही जास्त असताना खायला मिळतात, आणि सकाळी प्रोटीन जास्त गेल्याने अकरा वाजता बिस्किटाच्या पुड्याकडे हात जात नाही.

मग सकाळी काय? अंडी खात असाल तर प्रश्न तिथेच संपतो. तीन अंड्यांत १८ ग्रॅम प्रोटीन आणि दोन ग्रॅमच्या आत कार्ब्ज. कांदा, टोमॅटो, मूठभर पालक घालून भुर्जी करा. फक्त सोबतचा पाव सोडा. ब्रेडचे दोन स्लाइस घेतले की २५-३० ग्रॅम कार्ब्ज आलेच.

शाकाहारी घरात पनीर भुर्जी. शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं. रोज पनीर परवडत नाही, हे अगदी मान्य. मग सोया चंक्स घ्या. तीस ग्रॅम कोरडे चंक्स भिजवून, पिळून, खिम्यासारखे परतले तर १५ ग्रॅम प्रोटीन आणि दहा ग्रॅमच्या आसपास कार्ब्ज. मला स्वतःला आवडतो तो चक्का. रात्री दही फडक्यात टांगून ठेवायचं, सकाळी त्यात मीठ, जिरेपूड, किसलेली काकडी घालायची. साखर घातली की त्याचं श्रीखंड होतं, तेवढा मोह आवरा. शेंगदाणेही चांगले, पण मूठभरच. तीस ग्रॅममध्ये १७० कॅलरीज असतात आणि टीव्हीसमोर बसलं की मूठ मोजली जात नाही.

डाळींच्या बाबतीत मात्र बरेच जण फसतात. मुगाचं धिरडं, बेसनाचा पोळा, मोड आलेली मटकी हे सगळं ‘प्रोटीन’ म्हणून खाल्लं जातं. प्रोटीन आहेच, पण डाळीत त्याच्या दुपटीहून जास्त कार्ब्ज असतात. पन्नास ग्रॅम मूगडाळीच्या धिरड्यांत १२ ग्रॅम प्रोटीन आणि २५-३० ग्रॅम कार्ब्ज. पोह्यांपेक्षा कितीतरी बरं, तरी त्याला लो-कार्ब म्हणता येणार नाही. हैदराबादच्या वाचकांचं पेसरट्टूही याच हिशेबातलं, आणि आत उपमा भरून मागवलंत तर हिशेब विसराच. नाचणीची आंबील, ओट्स, मल्टिग्रेन ब्रेड यांचंही तेच. पौष्टिक असेल, पण आहे धान्यच.

हे सगळं वाचून घरात दोन-दोन नाश्ते सुरू करू नका. जी व्यक्ती सकाळी सहाला ओट्यापाशी उभी असते, तिला तुमच्या जिमची शिक्षा कशाला? घरात पोहे असतील तर तुम्ही अर्धी वाटी घ्या, बाजूला दोन उकडलेली अंडी किंवा पनीरचे तुकडे घ्या. शाळकरी मुलांना, गरोदर बाईला, वजन कमी असलेल्या आजोबांना या प्रयोगात ओढू नका. त्यांचे पोहे त्यांना सुखाने खाऊ द्या.

मधुमेह असेल तर इथे जरा थांबा. सकाळी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असाल आणि नाश्त्यातले कार्ब्ज एकदम काढलेत, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटणं ही तिची लक्षणं. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांचा धोका वेगळा आहे. कार्ब्ज फारच कमी केले तर रक्तात आम्ल वाढून, साखर फारशी वाढलेली नसतानाही, रुग्णालय गाठावं लागू शकतं. नाश्ता बदलायच्या आधी डॉक्टरांना विचारा, नंतर नाही. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी प्रोटीन वाढवण्याआधीही विचारायलाच हवं.

दुपारी नेहमीचं जेवण, एक भाकरी किंवा दोन पोळ्या, भाजी, आमटी, ताक. जिमला जाताना अगदीच गळून गेल्यासारखं वाटलं तर अर्धा तास आधी एक केळं खा, नियम मोडत नाही. आणि रात्री? वजन ६० किलो असेल आणि व्यायाम घाम काढणारा असेल, तर साठेक ग्रॅम कार्ब्ज पुरेत. म्हणजे दीड वाटी भात आणि वाटीभर वरण, वर तूप. नुसतं अर्धा तास फिरून येत असाल तर एवढ्याची गरज नाही, कारण तेवढ्याने स्नायूंची टाकी रिकामी होत नाही. आणि तुम्ही सकाळी सहालाच व्यायाम करत असाल, तर हा लेख उलटा वाचा. आठ वाजताचे पोहे तुमच्यासाठी अगदी वेळेवर आहेत.

राहिला उपासाचा दिवस. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. शंभर ग्रॅममध्ये ८५हून जास्त ग्रॅम कार्ब्ज, प्रोटीन नावालाही नाही. पण तो लवकर पचतो, म्हणजे व्यायामानंतर खायला उत्तमच. तेव्हा एकादशीला सकाळी दही, काकडीची कोशिंबीर, मूठभर शेंगदाणे घ्या आणि साबुदाणा भिजत ठेवून कामाला जा. खिचडी रात्री, जिमवरून आल्यावर, गरम गरम.